बरोबर आकडा, खोटी साक्ष

एखादे विधान सर्वस्वी खरे असावे आणि तरीही ते करणारा माणूस खोटे बोलत असावा, असे घडू शकते काय? तर्कशास्त्राच्या वर्गात हा प्रश्न शब्दांचा खेळ वाटण्याचा संभव आहे. परंतु रसायनशास्त्र किंवा जीवरसायनशास्त्र घेऊन पदवीच्या तिसऱ्या वर्षापर्यंत पोहोचलेल्या अनेकांनी या प्रश्नाचे उत्तर कधी ना कधी स्वतःच्या हाताने लिहिलेले असते. मीही लिहिले आहे. ज्या वहीत ते लिहिले ती वही आज माझ्याजवळ नाही. पण तिच्यातून पुसून टाकलेला आकडा चाळीस वर्षांनंतरही माझ्या लक्षात आहे.

गोष्ट धारवाडची आहे. १९१७ साली तेथे कर्नाटक कॉलेज सुरू झाले, १९४९ साली कर्नाटक विद्यापीठाची स्थापना झाली, आणि छोटा महाबळेश्वर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या टेकडीवर विद्यापीठाच्या इमारती उभ्या राहिल्या. तेव्हापासून उत्तर कर्नाटकातील किती पिढ्यांनी या गावात विज्ञानाचे शिक्षण घेतले असेल, त्याची गणती नाही. आमच्यासारख्यांच्या घरात मराठी, रस्त्यावर आणि वसतिगृहात कन्नड, आणि पाठ्यपुस्तकात इंग्रजी, अशा तीन भाषांमधून ते शिक्षण वाट काढत येई. प्रयोगशाळेच्या तासाला मात्र आम्ही घरी 'प्रात्यक्षिक' असेच म्हणत असू. या शब्दाकडे पुढे पुन्हा यायचे आहे.

ऐंशीच्या दशकाच्या आरंभीचे ते दिवस. तिसऱ्या वर्षाच्या प्रात्यक्षिकांत तेलाचे आयोडीन मूल्य काढण्याचा एक प्रयोग होता. शंभर ग्रॅम तेल किती ग्रॅम आयोडीन सामावून घेते, यावरून त्या तेलात असंतृप्त बंधांचे प्रमाण किती हे समजते. शेंगतेलाचे हे मूल्य साधारणपणे ८५ ते ९९ या मर्यादेत येते. पामोलिनचे त्याहून बरेच कमी, साठाच्या आसपास असते. पाव ग्रॅम तेल तोलून क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवायचे, त्यात आयोडीन मोनोक्लोराइडचा झोंबणाऱ्या वासाचा द्राव घालायचा, बाटलीला बूच लावून ती अर्धा तास अंधाऱ्या कपाटात ठेवायची आणि मग शिल्लक राहिलेले आयोडीन थायोसल्फेटच्या द्रावाने मोजायचे. अखेरीस स्टार्चमुळे आलेला गडद निळा रंग एका थेंबासरशी नाहीसा होतो. पावसाळ्यातील धारवाडच्या अंधुक उजेडात तो क्षण टिपण्यासाठी आम्ही चंचुपात्राखाली पांढरा कागद ठेवीत असू.

तेल हुबळीच्या बाजारातून आणलेले होते. तेल न घातलेल्या कोऱ्या बाटलीला ४८.२ मिलिलिटर द्राव लागला. तेल घातलेल्या बाटलीला ३२.२ लागला. पुन्हा तेल तोलले, पुन्हा अर्धा तास थांबलो, पुन्हा ३२.२. हिशेब केला तेव्हा आयोडीन मूल्य ८१ आले. आदल्या वर्षीच्या एका विद्यार्थ्याची वही आमच्यात फिरत होती. तिच्यात उत्तर होते ९१. मी उलटा हिशेब केला. ९१ येण्यासाठी ब्युरेटवर ३०.३ दिसायला हवे होते. कच्च्या वहीतील पेन्सिलीने लिहिलेला ३२.२ हा आकडा मी पुसला, तेथे ३०.३ लिहिले, आणि दोन्ही वाचने अगदी सारखी दिसू नयेत म्हणून दुसऱ्या ठिकाणी ३०.४ लिहिले. त्या दुसऱ्या आकड्याची आठवण मला अधिक बोचते. पहिल्या आकड्यात भीती होती. दुसऱ्यात कसब होते.

शिक्षकांनी सही केली. गुण चांगले मिळाले. शेंगतेलाचे आयोडीन मूल्य ९१ असू शकते, हे विधान तेव्हाही खरे होते आणि आजही खरे आहे. मग मी खोटे काय लिहिले?

येथे 'प्रात्यक्षिक' हा शब्द आपल्याला मदत करतो. तो 'प्रत्यक्ष' या शब्दापासून आलेला आहे, आणि प्रत्यक्ष हे न्यायदर्शनाने मानलेल्या चार प्रमाणांपैकी पहिले. प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द हे ज्ञान मिळवण्याचे चार मार्ग आहेत, आणि कोणते ज्ञान कोणत्या मार्गाने आले याचा हिशेब ठेवणे हा त्या दर्शनाचा मोठा आग्रह आहे. पुस्तकात वाचून 'शेंगतेलाचे मूल्य ९१' असे मी म्हटले असते तर ते शब्दप्रमाण झाले असते, आणि त्यात काहीही गैर नव्हते. मी केले ते असे की शब्दाने मिळालेली गोष्ट प्रत्यक्षाच्या रकान्यात नोंदवली. आकडा खरा होता. 'हा मी पाहिला' हा त्याला चिकटलेला, न लिहिलेला शब्द खोटा होता. न्यायालयात जो साक्षीदार न पाहिलेली घटना पाहिली म्हणून सांगतो, त्याची हकीगत योगायोगाने जशी घडली तशीच असली तरी त्याची साक्ष खोटीच ठरते. प्रयोगवहीतील प्रत्येक वाचन ही अशी एक साक्ष असते.

याच दर्शनात शब्दप्रमाणाची जी व्याख्या आहे ती आणखी पुढे नेणारी आहे. शब्द प्रमाण कोणाचा? आप्ताचा. आणि आप्त कोण? ज्याने ती वस्तू स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशीच दुसऱ्याला सांगावी अशी ज्याची इच्छा आहे तो. म्हणजे पुस्तकातील शब्दाचा अधिकारही शेवटी कोणाच्या तरी प्रामाणिक पाहण्यावर उभा असतो. पाठ्यपुस्तकातील '८५ ते ९९' ही मर्यादा आकाशातून पडलेली नाही. कोणी तरी कोठे तरी पुष्कळ नमुने तपासून, आलेले आकडे जसेच्या तसे लिहून ठेवले म्हणून ती आपल्या हाती आली. पुस्तकात पाहून वाचने लिहिणारा विद्यार्थी ज्या विहिरीचे पाणी पितो तिच्यातच माती लोटत असतो. सगळेच तसे करू लागले तर पुस्तकातील आकडा हा केवळ स्वतःचाच प्रतिध्वनी होऊन राहील.

यावर पहिला आक्षेप सहज सुचतो. पदवीच्या विद्यार्थ्याकडून कोणी शोधाची अपेक्षा करीत नाही. उत्तर जगाला ठाऊक आहे. हाताला वळण लागावे एवढाच प्रयोगाचा हेतू. तेव्हा त्याने आकडा थोडा सरळ केला तर नुकसान कोणाचे? आक्षेप वाजवी दिसतो, परंतु त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: अपेक्षेपासून दूर गेलेले वाचन म्हणजे चूकच. हे गृहीतक रसायनशास्त्राच्या इतिहासाला मान्य नाही.

१७८५ साली हेन्री कॅव्हेंडिश यांनी हवेतील नायट्रोजनचा ऑक्सिजनशी विजेच्या ठिणग्यांनी संयोग घडवून आणला व तयार झालेले वायू अल्कलीत शोषून घेतले. सारे संपल्यावर नळीत एक लहानसा बुडबुडा उरला. तो मूळ वायूच्या १/१२० पेक्षा अधिक नाही, असे त्यांनी लिहून ठेवले. तो काय आहे हे त्यांना सांगता आले नाही. पण तो आहे, एवढे त्यांनी नोंदवले. पुढे शंभरहून अधिक वर्षांनी लॉर्ड रॅले नायट्रोजनची घनता मोजत होते. हवेतून मिळवलेला नायट्रोजन लिटरला १.२५७२ ग्रॅम भरला, तर रासायनिक संयुगांपासून मिळवलेला १.२५०५ ग्रॅम. फरक जेमतेम अर्ध्या टक्क्याचा. आमच्या प्रात्यक्षिकात एवढा फरक आला असता तर आम्ही एकमेकांची पाठ थोपटली असती. रॅले यांनी १८९२ साली 'नेचर' या नियतकालिकाला पत्र लिहून हा फरक जाहीर केला आणि रसायनशास्त्रज्ञांकडे त्याचा खुलासा मागितला. त्यातूनच विल्यम रॅम्झी यांच्यासह १८९४ साली अरगॉनचा शोध लागला. १९०४ साली दोघांनाही, एकाला भौतिकीचे व दुसऱ्याला रसायनशास्त्राचे, नोबेल पारितोषिक मिळाले. कॅव्हेंडिश यांचा बुडबुडा अरगॉनचाच होता. आपल्या प्रत्येक श्वासात जवळजवळ एक टक्का असलेला हा वायू एवढा काळ अज्ञात राहिला, आणि सापडला तो न जुळणारा आकडा कोणी जुळवून घेतला नाही म्हणून.

माझे ८१ म्हणजे अरगॉन नव्हते, हे मला मान्य आहे. पण ते काय होते? पदवी मिळाल्यावर काही वर्षांनी एके दिवशी हा प्रश्न अचानक माझ्यापुढे उभा राहिला. त्या काळात पामोलिन स्वस्त दराने मिळू लागले होते आणि शेंगतेलात त्याची भेसळ होत असे. शेंगतेलाचे मूल्य ९२ आणि पामोलिनचे ५८ धरले, तर एक तृतीयांश भेसळ असलेल्या तेलाचे मूल्य ८१ च्या आसपास येते. कदाचित माझे वाचन अचूक होते आणि तेल खोटे होते. कदाचित बाटली अंधारात अर्ध्या तासाऐवजी वीसच मिनिटे राहिली असेल, किंवा दोन्ही वेळा तोलताना एकच चूक झाली असेल. यांपैकी काय खरे, ते आता कळणे शक्य नाही. मी आकडा खोडला तेव्हा केवळ एक उत्तर बदलले नाही. विचारता आला असता असा एक प्रश्नच नाहीसा केला. तेच तेल कोणाच्या तरी चुलीवर रोज तापत होते.

दुसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे. शास्त्रज्ञही सगळी वाचने कोठे ठेवतात? बिघडलेले वाचन टाकून देणे हा प्रयोगाचाच भाग आहे. हे खरे आहे, आणि येथली सीमारेषा किती निसरडी आहे याचे उदाहरणही प्रसिद्ध आहे. रॉबर्ट मिलिकन यांनी १९१३ साली तेलाच्या थेंबांवरून इलेक्ट्रॉनचा विद्युतभार प्रसिद्ध केला तेव्हा ५८ थेंबांची मोजमापे दिली, आणि हे थेंब निवडलेले नसून सलग साठ दिवसांत प्रयोग केलेले सर्व थेंब आहेत असे म्हटले. त्यांच्या वह्या पुढे जेराल्ड होल्टन यांनी १९७८ साली अभ्यासल्या, तेव्हा त्यांत त्याहून पुष्कळ अधिक थेंब आढळले. मिलिकन यांचा आकडा आजच्या मूल्याच्या अगदी जवळ होता. 'सर्व' हा शब्द मात्र तसा नव्हता. याची दुसरी बाजू रिचर्ड फाइनमन यांनी १९७४ सालच्या एका भाषणात सांगितली. मिलिकन यांचे मूल्य किंचित कमी होते. पण नंतरच्या संशोधकांची मूल्ये एकदम योग्य जागी गेली नाहीत, हळूहळू वर सरकत गेली. ज्याचे वाचन मिलिकनपासून फार दूर जाई तो स्वतःची चूक शोधत बसे. जवळ येई तो शोधत नसे. प्रतिष्ठित आकड्याचा दबाव आमच्या प्रयोगशाळेपुरता नव्हता, हे यावरून दिसेल.

म्हणून वाचन टाकण्याचा अधिकार नाकारता येत नाही, पण त्याला दोन अटी घालता येतात. टाकण्याचे कारण उत्तराकडे पाहण्यापूर्वीचे असावे: पिपेट गळत होती, बूच सैल होते. आणि टाकलेले वाचन, कारणासह, वहीत वाचता येईल असे राहावे. एक रेघ मारून खोडलेला आकडा प्रामाणिक असतो. रबराने पुसलेला आकडा तसा नसतो.

तिसरा आक्षेप तत्त्वज्ञानाचा नाही, जगण्याचा आहे, आणि तोच मला सर्वांत कठीण वाटतो. गुण कशाला मिळतात? उत्तराला. चूक एक टक्क्याच्या आत असेल तर पूर्ण गुण, दोन टक्क्यांच्या आत असेल तर थोडे कमी, अशी उतरंड परीक्षकाच्या हातातील कागदावर असते. ज्याची शिष्यवृत्ती या गुणांवर अवलंबून आहे त्याने सत्याची किंमत स्वतःच्या खिशातून का भरावी?

पुढे मी स्वतः शिक्षक झालो आणि परीक्षक म्हणून फिरू लागलो, तेव्हा हा प्रश्न एका मुलीने, एक अक्षरही न विचारता, माझ्यापुढे ठेवला. दिलेल्या द्रावातील ग्लुकोजचे प्रमाण बेनेडिक्टच्या द्रावाने काढायचे होते. उकळत्या द्रावातील निळा रंग नेमका कधी गेला हे ओळखणे अवघड असते. त्या दिवशी बारा विद्यार्थी होते. अकरा जणांची उत्तरे एक टक्क्याच्या आत होती. ब्युरेटचा एक थेंब ०.०५ मिलिलिटरचा, काच साधी, शेगड्या भकभकणाऱ्या. अकरा नवख्या हातांनी एवढी अचूकता साधणे जवळजवळ अशक्य होते, आणि हे मला कळत होते. बाराव्या मुलीची चूक सहा टक्क्यांची होती. ती बैलहोंगलच्या बाजूच्या एका खेड्यातून आलेली. मी विचारले तेव्हा ती म्हणाली, "सर, मला एवढंच आलं. दोनदा करून बघितलं." तिच्या वहीत तिन्ही वाचने होती, पहिले खोडलेले वाचनसुद्धा, आणि खाली एक ओळ: फरकाचे कारण समजले नाही.

मी कागदावरील उतरंडीप्रमाणे गुण दिले. अकरा जणांना पूर्ण, तिला निम्म्याहून कमी. नियम माझा नव्हता, असे मी त्या रात्री स्वतःला समजावले. पण मी विद्यार्थी असतानाचा ३०.४ हा आकडा आणि त्या दिवशी गुणपत्रिकेवर केलेली सही यांत दुसरीचा अपराध मोठा आहे, असे मला आज वाटते. पहिल्या वेळी मी एकटा खोटा साक्षीदार होतो. दुसऱ्या वेळी मी बारा जणांना शिकवले की येथे खऱ्या साक्षीला दंड होतो.

हे शिक्षण पुढे कोठे जाते? आमचे विद्यार्थी औषधांच्या कारखान्यांत जातात, रक्त-लघवी तपासणाऱ्या प्रयोगशाळांत जातात. हुबळीच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात, जे १९५७ साली सुरू झालेल्या वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेले आहे, गदग, हावेरी, कारवारकडून रुग्ण येतात. रक्तातील साखरेचा आकडा हाती पडल्यावर त्यांना तो पडताळून पाहता येत नाही. त्यांच्यापाशी फक्त आप्तवाक्य असते. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातील उदाहरण येथे सांगण्याजोगे आहे. तेथील सरकारी प्रयोगशाळेत अमली पदार्थांचे नमुने तपासणाऱ्या ॲनी डूकन या रसायनतज्ज्ञ महिलेने अनेक नमुने प्रत्यक्ष न तपासता, केवळ नजरेने पाहून, तपासल्याची नोंद केली होती. २०१३ साली त्यांना तुरुंगवासाची शिक्षा झाली, आणि २०१७ साली एकवीस हजारांहून अधिक खटले रद्द करावे लागले. त्यांतील पुष्कळ नमुने खरोखरच अमली पदार्थांचे असतील. पण आता कोणते, हे सांगता येईना. एक साक्ष खोटी ठरली की तिच्या शेजारची खरी साक्षही निरुपयोगी होते.

ठरलेल्या उत्तराचा मोह केवळ द्रवांच्या मोजमापात असतो असेही नाही. १९३३ साली मुंबई विद्यापीठात रसायनशास्त्र घेऊन पहिल्या आलेल्या कमला भागवत, म्हणजे दुर्गाबाईंच्या भगिनी आणि पुढच्या कमला सोहोनी, बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश मागण्यास गेल्या. संचालक सी. व्ही. रामन यांनी त्या स्त्री आहेत म्हणून प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत, तेव्हा एक वर्षाच्या अटीवर प्रवेश मिळाला. त्या वर्षातील काम पसंतीस उतरले तरच ते मान्य होणार होते. स्त्री संशोधन करू शकणार नाही, हे उत्तर प्रयोगाआधीच लिहून झालेले होते. सोहोनींनी दूध व कडधान्यांतील प्रथिनांवर काम केले, १९३६ साली एम.एस्सी. मिळवली, आणि १९३९ साली केंब्रिजची पीएच.डी., वनस्पतींच्या पेशींतील सायटोक्रोम सी दाखवून देऊन. प्रकाशाच्या अत्यंत क्षीण बदलावर विश्वास ठेवल्याबद्दल नोबेल मिळालेल्या थोर शास्त्रज्ञालाही, माणसाच्या बाबतीत, आधीचे उत्तर पुसून समोरचे वाचन लिहायला एक वर्ष लागले. पण त्यांनी ते लिहिले, आणि त्या संस्थेत स्त्रियांना वाट मोकळी झाली. सोहोनी त्या वर्षाचा अपमान विसरल्या नाहीत, हेही त्याच नोंदीचा भाग म्हणून राहिले पाहिजे.

मग करावे काय? नीतीचे पाठ देऊन हे सुधारेल असे मला वाटत नाही. प्रामाणिकपणा परवडेल अशी व्यवस्था करणे हे शिक्षकाचे काम आहे. प्रत्येक विद्यार्थ्याला वेगळा नमुना द्यावा, म्हणजे शेजाऱ्याची वही कामाची राहणार नाही. वर्षात एक तरी नमुना असा असावा की ज्याचे उत्तर शिक्षकालाही ठाऊक नाही. आणि निम्मे गुण उत्तराला न देता नोंदीला द्यावेत. त्या परीक्षेनंतर माझ्या वर्गापुरते तरी मी हे करीत राहिलो. उत्तरे पूर्वीइतकी देखणी येईनाशी झाली. वह्यांतील खोडाखोड वाढली. त्या मुलीला मात्र याचा काहीच उपयोग झाला नाही. ती तोवर निघून गेली होती.

राहता राहिली माझी स्वतःची नोंद. पुसलेला आकडा त्या वहीत परत लिहिणे आता शक्य नाही. म्हणून तो येथे, जसा आला तसा, लिहून ठेवतो. नमुना: शेंगतेल, हुबळीच्या बाजारातील. कोरी बाटली ४८.२. तेलाची बाटली ३२.२, दुसऱ्या वेळी ३२.२. आयोडीन मूल्य ८१. फरकाचे कारण समजले नाही.